अकरा नावांची यादी

"आक्का, तुमचं नाव लागलंय बोर्डावर," असं शेडवरचा पोरगा सांगत आला तेव्हा मी कोल्ड स्टोरेजमधून निघालेल्या बेदाण्याच्या बॉक्सांचा हिशेब लावत होते. सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. संध्याकाळी घरी जाताना स्कूटी ग्रामपंचायतीवरून घेतली. फलकावर गावातल्या दिव्यांगांची यादी होती. नावं अकरा. माझं सहावं. चौथं नाव ज्यांचं होतं त्यांच्या तेराव्याला मी दोन वर्षांपूर्वी जेवून आले होते. नवव्या नावाची पोरगी लग्न होऊन कधीच दुसऱ्या गावी नांदायला गेलेली. आणि पारावर रोज दिसणारे पखवाजवाले आजोबा, ज्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, त्यांचं नाव त्यात नव्हतंच.

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. पल्स पोलिओ आमच्याकडे १९९५ साली आलं, तोवर मी शाळेत होते. डाव्या पायाला मांडीपासून खाली आधाराचं कॅलिपर आहे, काखेत कुबडी. स्कूटीला मागं साइड व्हील लावून घेतलीत. एवढ्या वर्षांत मी त्या ग्रामपंचायतीत चार-पाच वेळाच आत गेले असेन, कारण दाराशी पाच पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही. दाखला हवा असला की भावाला पाठवायचे. माझं माझं भागत होतं. बाकीच्यांचं काय, हा विचार मी केला नव्हता, हे मला त्या फलकासमोर उभं राहिल्यावर कळलं.

नियम साधा आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं वगैरे जे जमा होतं त्यातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचे. आधी ते ३ टक्के होतं. यादीत नाव असेल तर त्या पैशावर तुमचा हक्क, नाहीतर तुम्ही गावात आहातच कुठं? त्यामुळं यादी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे बोलायचं ठरवून मी गेले. सभा देवळाच्या सभामंडपात. आता कॅलिपरची गोष्ट अशी की दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या खाली बुटाच्या टाचेत बसवलेल्या असतात. बूट काढायचा म्हणजे अख्खं कॅलिपर काढायचं, मांडीवरचे चामड्याचे पट्टे सोडायचे, आणि ते काढलं की मी उभी राहू शकत नाही. देवळात तर बूट घालून जायचं नाही. मलाही ते घालून आत जावंसं वाटत नाही, देव माझाही आहे. मी बाहेर नारळ फोडायच्या दगडाजवळ उभी राहिले. आतून कोणीतरी म्हणालं, "वर या की ताई." मी बुटाकडं बोट दाखवलं. तो माणूस जरा वेळ माझ्या पायाकडं बघत राहिला आणि मग आत वळला. सभा पाऊण तासात गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला पुढं गणपूर्तीची अट नसते, त्यामुळं पुढच्या आठवड्यात पंधरा-वीस माणसांत सगळे ठराव झाले.

पहिली सभा तहकूब झाली त्याच रात्री माझ्याकडं दोघीजणी आल्या. एक मावशी, जिचा उजवा हात वीस वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत मनगटापासून गेला. दुसरी आमच्या आळीतली वहिनी, जिचा चौदा वर्षांचा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा आहे. मावशी म्हणाली, "त्यांची यादी त्यांच्यापाशी ऱ्हाऊ दे. आपण आपली करू."

दोनशे पानी वही घेतली. रकाने मीच आखले: नाव, वय, काय झालंय, प्रमाणपत्र आहे का. मावशीनं आणखी एक घालायला लावला: काय पाहिजे. मला तो फालतू वाटला होता. आज ती वही उघडली की मी आधी तोच रकाना वाचते.

दिवाळीपर्यंत आम्ही घरं पालथी घातली. कुणी सांगायचं, "त्या वस्तीवर एक हाय बघा." वस्ती म्हणजे बागेतून दीड किलोमीटर. चिखल असला की माझी स्कूटी रुतायची आणि वहिनी मागून ढकलायची. माझ्या पिशवीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांची छापील यादी असायची. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते. गावाच्या डोक्यात तर हात, पाय, डोळे, कान एवढेच. त्या कागदामुळं आम्हाला माणसं सापडत गेली. एका घरात थॅलेसेमियाची मुलगी होती, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला नेतात; तिची आई म्हणाली, ती तर चालती-फिरती आहे, ती कशी अपंग? कुष्ठरोगातून बरे झालेले एक आजोबा. त्यांच्या बोटांची पेरं गेलेली आहेत. ते म्हणाले, "मी बरा झालोय की. आता पुन्यांदा कशाला माझं नाव काढता?" त्यांना समजावताना मला जड गेलं. कायद्यात 'कुष्ठरोगमुक्त' असा वेगळा प्रकारच आहे, रोग बरा झाला तरी हाताचं काम गेलं त्याची ती नोंद आहे, असं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी सून पाठवून नाव लिहायला सांगितलं.

एका दारात आम्हाला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "आमच्यात कोण न्हाय तसलं." आतली वीस वर्षांची पोरगी कमी ऐकते हे सगळ्या आळीला माहीत आहे. तिचं स्थळ बघताहेत. वहिनीला वाटलं, आपण लिहून टाकावं, पुढं उपयोगी पडेल. मी नको म्हटलं. विचारल्याशिवाय कोणाचंही नाव लिहायचं नाही, असं त्या दिवशी रस्त्यातच ठरलं. ते आम्ही आजही पाळतो.

आमच्याकडं माणसाला व्यंगावरूनच हाक मारायची रीत आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. बागेत फवारणीला जाणारा एक चाळिशीतला माणूस आहे, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. गाव त्याला मुकाच म्हणतं. त्याच्या घरी वही उघडून मी आईला नाव विचारलं तर ती क्षणभर थांबली. मग आतून रेशनकार्ड आणून दाखवलं. माझ्यासकट आम्हा तिघींनाही ते नाव माहीत नव्हतं. मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वही त्याच्यासमोर धरली. त्यानं अक्षरावरून बोट फिरवलं आणि मग माझ्या गुडघ्याकडं बघून दोन बोटं चुटकी वाजवल्यासारखी मिटली. कॅलिपरला गुडघ्याशी कडी असते, उभं राहिलं की खट्ट करून बसते. ती त्यानं बघितली होती. तेव्हापासून त्याच्या खुणांत माझं नाव तेच आहे. तो खूण-भाषा कुठं शिकलेला नाही, घरातल्या घरात तयार झालेल्या खुणा आहेत, आणि आता त्यातल्या वीस-पंचवीस मला येतात. दवंडी त्याला कधीच ऐकू आलेली नाही. हल्ली ग्रामसभेची सूचना गाडीवर भोंगा लावून देतात, तीही नाही. चाळीस वर्षांच्या या मतदाराला गावात ग्रामसभा भरते हेच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या रकान्यात लोकांनी काय सांगितलं? पैसे पाहिजेत, असं थोड्यांनीच. "कुणीतरी महिन्याला बँकेत न्यावं." "संडास घरापासनं लांब हाय." "खाट दाराशी ठेवायला सांगा सुनेला, रस्ता दिसतो." पखवाजवाल्या आजोबांनी सांगितलं, पखवाजाला शाई भरून पाहिजे. तेही लिहिलं.

दिवाळीला मोजले तर चौतीस भरले. अकराच्या जागी चौतीस. त्यातल्या सोळा जणांकडं प्रमाणपत्र होतं, अठरा जणांकडं नव्हतं.

प्रमाणपत्राचं काम मी थोडक्यात सांगते, कारण सगळीकडं ते तसंच आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, आधार, फोटो, सही, मग तारीख मिळते, त्या दिवशी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर. ४० टक्के किंवा वर भरले तर पिवळं कार्ड, ८० किंवा वर निळं, ४० च्या खाली पांढरं. नोव्हेंबरात वडापची जीप ठरवून सात जणांना घेऊन गेलो. सकाळी सहाला निघून नवाला रांगेत. वहिनीचा मुलगा मांडीवर. कानाची तपासणी दुसऱ्या इमारतीत, आणि 'बेरा' ही ऐकण्याची चाचणी करायचं यंत्र त्या दिवशी बंद. फवारणीवाल्या भावाला पुढं दोन खेपा घालाव्या लागल्या, म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. थॅलेसेमियाच्या मुलीकडं बघून तरुण डॉक्टरांनी विचारलं, "तिला काय झालंय?" तेव्हा तिच्या आईनं माझ्या पिशवीतला तो एकवीस प्रकारांचा कागद काढून टेबलावर ठेवला. दीड महिन्यापूर्वी हीच बाई, माझी मुलगी कशी अपंग, म्हणून विचारत होती.

इकडं पैशाचं काय झालं ते विचारायला मी ९ ऑक्टोबरला माहिती अधिकाराचा अर्ज दिला होता. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. मागच्या दोन वर्षांचं स्वउत्पन्न किती, त्यातून दिव्यांगांवर खर्च किती, पावत्यांच्या प्रती. ग्रामसेवकांना आमच्यात भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब भले माणूस, तोंडावर म्हणाले, "ताई, अर्ज कशाला, तोंडी विचारायचं." तोंडी उत्तर आलं की खर्च झालाय. तीस दिवस गेले तरी कागद आला नाही. मग पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांकडं पहिलं अपील केलं, वीस रुपये. सुनावणीच्या दोन दिवस आधी तेवीस पानं घरी आली, दोन रुपये पानाप्रमाणं शेहेचाळीस रुपये भरले.

हिशेब माझं रोजचं काम आहे, म्हणून त्या पानांची मला भीती वाटली नाही. २०२१-२२ चं उत्पन्न १० लाख ८० हजार, त्याचे ५ टक्के ५४ हजार. २०२२-२३ चं १२ लाख २० हजार, त्याचे ६१ हजार. एकूण १ लाख १५ हजार. वाटलेले किती? पहिल्या वर्षी अकरा जणांना हजार हजार. दुसऱ्या वर्षी काहीच नाही. मयताच्या नावापुढं मुलाची सही, आणि माझ्या नावापुढं माझी. ते हजार रुपये मी घेतले होते. दिवाळीची भेट म्हणून दिले आणि मी भेट म्हणूनच घेतले, काय हिशेबातले ते विचारलंही नव्हतं. शिल्लक निघाली १ लाख ४ हजार.

एवढी रक्कम दिसल्यावर आमच्यातच भांडण लागलं, आणि ते मला लिहायचंय. आतापर्यंत आम्ही चौतीस जण वहीत एकत्र होतो, त्या रात्री पहिल्यांदा माझ्या अंगणात एकत्र बसलो. मी मांडलं की यातून ग्रामपंचायतीला रॅम्प आणि कठडा करून घेऊ, सगळ्यांना कायमचा उपयोग. मला ते इतकं उघड बरोबर वाटत होतं की कोणी विरोध करेल असं मनातही नव्हतं. बरेच जण गप्प बसले. मग मावशी म्हणाली, "इमारत कुणाची? पायऱ्या कुणी बांधल्या? आन् त्या मोडायला पैसा आमचा?"

सगळे गेल्यावर मी घरात जाऊन कायदा पुन्हा वाचला. तिचं म्हणणं त्यात लिहिलेलंच होतं. सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत आमच्या वापराजोग्या करायच्या, असं ४५ वं कलम सांगतं. नियम १५ जून २०१७ ला निघाले. म्हणजे जून २०२२ मध्येच मुदत संपली. ते कलम मी आधी वाचलं होतं, वर पेनानं खूणही केली होती. तरी आपल्या वाट्याच्या पैशातून रस्ता विकत घ्यायचं माझ्याच डोक्यात आलं. इतकी वर्षं दारातून परत फिरून मला ते दार माझं वाटेनासं झालं होतं. मावशी चौथी शिकली आहे आणि तिला ते एका वाक्यात दिसलं.

मग ठरलं: रॅम्प वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून, म्हणजे गावाला गरजेप्रमाणं खर्चता येतो त्या पैशातून, मागायचा. ५ टक्क्यांचे पैसे माणसांना. सारखे वाटायचे की गरजेप्रमाणं यावर आणखी दोन रात्री गेल्या. शेवटी ज्यांच्याकडं तोवर प्रमाणपत्र येईल त्यांना तीन तीन हजार, अंथरुणाला खिळलेल्या चौघांना वर पाच पाच हजार, आणि वहिनीच्या मुलाला मान सावरणारी खुर्ची. काहींना हे पटलं नाही. एक जण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

२६ जानेवारी २०२४ ची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. त्यासाठी आम्ही पंधरा दिवस आधी लेखी अर्ज दिला होता की सभामंडपात आमच्यातले कितीतरी जण येऊ शकत नाहीत. सरपंच वहिनींनी तो लगेच मान्य केला, देवळाचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं म्हणाल्या. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल तेवढं लागतं. आम्ही घरच्यांना धरून साठाच्या वर होतो, सभा तहकूब झाली नाही. मी बूट घालून, कडी लावून, उभी राहून आकडे वाचले. आवाज कापत होता. वाचून झाल्यावर कोणी काही बोलेना. पखवाजवाल्या आजोबांनी विचारलं, "मग आमचं कवा देताय?" ठराव झाला. हात वर करताना फवारणीवाल्या भावानं आधी आईकडं बघितलं, तिनं खुणेनं सांगितलं, आणि त्यानं दोन्ही हात वर केले. एकच मोजला म्हणा, पण सगळ्यांनी बघितले.

मार्च अखेरीपर्यंत बावीस जणांकडं प्रमाणपत्र होतं. सहासष्ट हजार, वीस हजार, अठरा हजारांची खुर्ची. सगळे बँकेच्या खात्यावर. मुलाला खुर्चीत बसवल्यावर पहिल्यांदा त्यानं ताट समोरून बघितलं, वहिनीच्या मांडीवरून त्याला ते नेहमी वाकडं दिसायचं.

रॅम्प मात्र लोकसभेच्या आचारसंहितेत अडकला. मे महिन्यात मतदान होतं. ४० टक्के किंवा वरच्यांना घरून मत देता येत होतं, पण आजोबांना केंद्रावरच जायचं होतं. शाळेच्या दोन पायऱ्यांवर आदल्या दिवशी फळ्या टाकून चढण तयार झाली होती. आम्ही सगळे तिच्यावरून गेलो. गेल्यावर मला आनंद झाला आणि घरी येऊन रडू आलं.

पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीचं काम निघालं. गवंडीदादांनी पायऱ्यांच्या बाजूला सहा फुटांचा उतार बांधला, गुळगुळीत घोटून. वहिनीनं मुलाची खुर्ची वर ढकलायला घेतली आणि निम्म्यातच दोघं मागं घसरायला लागली. मी आणि दादांनी धरलं. मी सांगितलं, एक इंच उंचीला एक फूट लांबी लागते. जोतं अडीच फूट, म्हणजे तीस फूट. "तीस फूट? आवं आक्का, तीस फुटात खोली बांधून हुती!" मग मी त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आता स्वतःच्या हातानं चाक फिरवून वर या. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ते फोडलं आणि भिंतीकडेनं वळण घेऊन, मध्ये थांबायला सपाट जागा ठेवून पुन्हा बांधलं. वर खडबडीत फरशी, दोन्हीकडं पाइपाचा कठडा. त्याच सुमारास, ८ नोव्हेंबर २०२४ ला, राजीव रातुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा सोयींचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. मी तो कागद छापून वहीत ठेवलाय.

आता वहीत एकोणचाळीस नावं आहेत, दोन वारले त्यांची खोडून. अठरातल्या बारा जणांना कार्ड मिळालं, दोघांचे टक्के कमी भरले, चौघांच्या घरचे अजून न्यायला तयार नाहीत. उंबऱ्यावरून परत पाठवलं त्या घरी मी पुन्हा गेलेले नाही, पण ती पोरगी बेदाणा निवडायला शेडवर येते आणि मी तिच्या समोर तोंड करून, सावकाश बोलते. ग्रामसभेची सूचना फवारणीवाल्या भावाच्या फोनवर चित्रासकट जावी, असा अर्ज दिलाय. त्याचं उत्तर यायचंय. येत्या बुधवारी पाच जणांना बोर्डासमोर न्यायचं आहे. जीपवाल्याला सांगून ठेवलंय, पहाटे सहाला पारापाशी थांब, आणि फळी आठवणीनं घे.